विहिरीतला आवाज

हल्ली वर्षाकाठी एक-दोन तरुण तरी माझ्या दारात उभे राहतात. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर भक्तिभाव. "सर, तुम्ही भोवरा पार्टीत होतात ना?" मी हो म्हणालो की वाकून नमस्कार. मग आमच्यावर निघालेल्या माहितीपटाचं कौतुक सुरू होतं. काय ती बासरी, काय तो संथ तबला, काय ती धुंदी. सायकेडेलिक हा शब्द मी या पोरांकडूनच शिकलो. त्यांना चहा देतो आणि सांगतो, बाळांनो, त्या माहितीपटात आमचा एकही सूर नाही. चेहरे आमचे, हात आमचे, विहीरसुद्धा आमच्याकडची. आवाज मुंबईच्या भाडोत्री वादकांचा. पोरं क्षणभर ओशाळतात आणि लगेच म्हणतात, "पण सर, फिल्म म्हणून ग्रेटच आहे ना." तिथं माझं डोकं फिरतं.

इरण्णाचं डोकं माझ्यापेक्षा लवकर फिरायचं. तो आमच्या पार्टीचा म्होरक्या. बाप डाळींचा व्यापारी, लिंगायत घराणं, घरात कानडी, दुकानात मराठी आणि भांडताना दोन्ही. बापाच्या गादीवर न बसता त्यानं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. लग्न, जत्रा, निवडणूक, कुठंही इरण्णाचा कर्णा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, आणि बोलताना तो टेस्टर समोरच्याच्या छातीवर रोखायची सवय. आमच्या हेडमास्तरांच्या छातीवर रोखला होता तेव्हा मला मध्ये पडावं लागलं.

त्याच्याकडे शिवी एकच होती. पातळ. चहा पातळ, आवाज पातळ, माणूस पातळ. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि पार्टीत दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन करायचो. पहिल्याच कार्यक्रमात मी संत, लोकपरंपरा, नादब्रह्म असं बरंच काही जुळवून बोललो. खाली उतरल्यावर इरण्णा म्हणाला, "मास्तर, लई पातळ बोललाव. गाण्याचं नाव सांगा आन खाली बसा की." पुढची सगळी वर्षं मी गाण्याचं नाव सांगून खाली बसलो.

आता आमचं गाणं काय होतं ते सांगतो, कारण ते कुठंच ऐकायला मिळणार नाही.

पार्टी आधी साधी भजनी होती. इरण्णा एकतारी घेऊन गायचा, रेल्वेतला फिटर बाबूराव कांबळे ढोलकीवर आणि मागावर साड्या विणणारा अंजय्या बेंजोवर. बाबूराव भीमगीतांच्या पार्टीतून आलेला, अंजय्या तेलुगू घरातला. तिघांचे देव वेगळे, पण भांडण फक्त तालावरून. एकदा मठाच्या मिरवणुकीत माइक स्पीकरच्या तोंडासमोर आला आणि कर्णा कोकलला. लोकांनी कानांवर हात घेतले. आयोजक ओरडला, बंद कर. इरण्णानं बंद केलं नाही. एकतारी पुढं घेतली आणि त्या कोकलण्याच्या सुरात तार लावायला बसला. एवढा मोठा षड्ज फुकट मिळतोय, तर सोडायचा कशाला, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवसापासून त्याला वेडच लागलं. टेलिफोनच्या रिसिव्हरमधली आवाज पकडणारी चकती काढून त्यानं एकतारीच्या भोपळ्याला चिकटवली, म्हणजे तारेचा सूर थेट कर्ण्यातून निघायचा. मठातले एक आजोबा संतापून दुकानात आले. "येनो इरण्णा, काय रे, देवाच्या वाद्याला करंट लावतोस?"

"आजोबा, देवाच्या डोक्यावर बल्ब लावलाव की तुमी. त्याला करंट कुटनं येतो?"

आजोबा निघून गेले. पुढं त्यांच्याच नातवाच्या लग्नात आम्ही वाजवलं, आणि ते पहिल्या रांगेत बसून डुलत होते.

मग विहीर. दुष्काळाच्या सालात आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या होत्या. केम गावाच्या बाजूला एका वस्तीवर जत्रेचा स्पीकर लावायला गेला असताना इरण्णाच्या हातून कर्णा सुटला आणि दोराला लटकत विहिरीत लोंबला. वर कोणीतरी माइकवर "हॅलो" म्हणालं आणि विहीर बोलली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, प्रत्येक खेपेला जरा जाड होऊन. इरण्णा कठड्यावर पालथा पडून ऐकत राहिला. त्याला उठवायला बाबूरावला पाय ओढावे लागले.

तेव्हापासून आमची तऱ्हा ठरली. ज्या गावात कार्यक्रम, तिथली कोरडी विहीर आधी शोधायची. कर्णा आत सोडायचा, तोंड तळाकडे. अर्ध्यावर एक माइक लोंबता ठेवायचा आणि त्याची दोरी कठड्याच्या कप्पीवरून आणून इरण्णाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधायची. काठावर चार कर्णे गावाकडे तोंड करून. मग इरण्णा गायचा तो विहिरीत जायचा, विहीर त्यात आपलं काही मिसळून परत द्यायची, आणि तो त्या आवाजावर पुढची ओळ ठेवायचा. अंगठा खाली सोडला की हुंकार वाढायचा, वर घेतला की कमी. शहरात विहीर नसेल तर तेलाचं रिकामं बॅरल. पण बॅरलवर तो खूश नसायचा. पातळ, म्हणायचा. ऐकणाऱ्यांची डोकी गरगरायची, म्हणून लोकांनीच भोवरा पार्टी नाव पाडलं.

आणखी एक रीत होती, आणि ती त्याच्या बापाच्या भजनापासूनची. गाणं पार्टीनं थांबवायचं नाही. यजमानाच्या मांडीवर नारळ द्यायचा, आणि त्याचं मन भरलं की त्यानं तो फोडायचा. नारळ फुटला की गाणं संपलं. तोवर घर पेटलं तरी वाजवायचं. त्या केमच्या वस्तीवर ज्याची विहीर, त्या म्हाताऱ्यानं भर दुपारी नारळ मांडीवर घेतला आणि तसाच बसला, आपल्याच विहिरीकडे बघत. दिवेलागण झाली. अंजय्याची बोटं सोलवटली. शेवटी म्हाताऱ्यानं नारळ फोडला आणि म्हणाला, "लई दिसांनी बोलली हो हिर. दोन साल झालं, ढिम्म हुती." इरण्णानं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला कुणाच्या पाया पडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

असं आम्ही अक्कलकोटपासून नातेपुत्यापर्यंत वाजवत होतो. कोणी आमची तबकडी काढली नाही. रेडिओवर एकदा चाचणीला गेलो तर तिथल्या साहेबांनी विहीर आणायला परवानगी नाही असं सांगितलं आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. इरण्णाला त्याचं फार वाटलं नाही. पण बाबूरावला पहिला दम्याचा झटका आला तेव्हा इरण्णा हादरला. दवाखान्याच्या पायरीवर बसून मला म्हणाला, "मास्तर, आमी तिघं मेलो की हे गाणं ऱ्हायचं न्हाय. लिहून ठेवावं म्हटलं तर लिहिणार काय? विहीर लिहिता येती का? कुणीतर एकदा नीट धरून ठिवलं पायजे."

म्हणून, जेव्हा मुंबईहून माहितीपटवाले आले, तेव्हा हा भांडखोर माणूस लहान मुलासारखा हरखला. दुकानाला रंग दिला. तांब्याच्या नव्या तारा आणल्या. पार्टीची इतक्या वर्षांची वाटचाल पडद्यावर येणार, असं तो रस्त्यात भेटेल त्याला सांगायचा.

दिग्दर्शक काळा गॉगल लावायचे, सावलीतसुद्धा. आम्ही त्यांना गॉगलवाले म्हणू लागलो आणि मला आजही त्यांचं नाव घ्यायची इच्छा नाही. बोलणं गोड. 'मातीतला सूर' हे शब्द दर वाक्याला. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या शर्ट-पँट उतरवल्या. धोतरं नेसवली, डोक्यांवर फेटे चढवले, इरण्णाला भरघोस मिशा चिकटवल्या. बाबूराव म्हणाला, "मी रेल्वेत हाय साहेब, मला फेटा बांधायला येत न्हाय." साहेबांच्या माणसानं बांधून दिला. इरण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला, "कापडाचं काय घेऊन बसायचं. आवाज धरू दे त्यांना."

चित्रीकरण त्याच केमच्या वस्तीवर ठेवलं होतं. गाणं सुरू झालं आणि दोन मिनिटांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसानं कानांवरचे हेडफोन काढले. म्हणाला, लाइनमध्ये बिघाड आहे, हुंकार येतोय.

इरण्णानं टेस्टर त्याच्या छातीवर रोखला. "बिघाड न्हाय त्यो. त्योच तर आमी वाजवतोय."

गॉगलवाल्यांनी समजूत घातली, पुन्हा सुरू झालं. म्हातारा यजमान नारळ घेऊन बसलेला. थोड्या वेळानं गॉगलवाले ओरडले, "कट!" कोणी थांबेना. पुन्हा ओरडले. इरण्णानं डोळे मिटलेले, अंगठा दोरीवर. आमच्या रीतीनं त्या वस्तीवर थांबवायचा हक्क एकट्या म्हाताऱ्याला होता, आणि म्हातारा तर आत्ता कुठं रंगात आलेला. कॅमेरावाल्यालाही बंद करू की नको कळेना, तो फिरवतच राहिला आणि सगळी फिल्म संपली. ती म्हणे पार परदेशातून यायची. गॉगलवाल्यांनी आम्हाला गावंढळ म्हणून घेतलं, अडाणी म्हणून घेतलं. ज्या मातीसाठी ते सकाळपासून गहिवरत होते तिच्यावरच थुंकले. मी मास्तर माणूस, मी सांगायला गेलो की साहेब, ही रीत आहे. ते म्हणाले, "रीत तुमच्या गावात. माझ्या सेटवर मी थांबवीन तेव्हा थांबायचं."

बाबूराव ढोलकी गळ्यातून काढून निघाला होता. त्याला इरण्णानं थांबवलं. ज्यानं मठाच्या आजोबांना सोडलं नाही, हेडमास्तरांना सोडलं नाही, तो इरण्णा त्या माणसापुढं हात जोडून म्हणाला, "चुकलं साहेब. पुन्ना करू. पर आवाज आमचा घ्या." मला ते बघवलं नाही. मी विहिरीच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो.

तोडगा निघाला तो असा. आवाज वेगळा घ्यायचा, चित्र वेगळं. आधी एक अख्खी दुपार त्यांनी विहिरीचं गाणं टेपवर घेतलं, म्हाताऱ्यानं नारळ फोडेपर्यंत. मग दुसऱ्या दिवशी नुसते हात हलवत बसायचं, तुकड्या-तुकड्यांनी, ते म्हणतील तिथं थांबायचं. मांडी घालून बसा म्हणाले, म्हणून अंगठ्याची दोरीही सुटली. इरण्णानं तीन-तीनदा विचारून घेतलं, "टेप आमचीच लावनार न्हवं?" गॉगलवाले त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, तुमचीच. दुसऱ्या कुणाची लावणार?"

सोलापुरात पहिला खेळ एका थिएटरात सकाळी ठेवला. शहरातले प्रतिष्ठित पुढच्या खुर्च्यांत. इरण्णानं नवीन शर्ट शिवला होता, मिशा अर्थातच नव्हत्या. अंजय्या बायको-मुलांसकट आलेला. अंधार झाला, पडद्यावर केमची वस्ती आली, विहीर आली, इरण्णाचा चेहरा आला. त्यानं तोंड उघडलं आणि बासरी वाजायला लागली. मग तबला. मग कोणाचा तरी तुपातला, कमावलेला गळा, आणि विहिरीचं नाव नाही. बाबूरावचा हात ढोलकीवर पडत होता आणि आवाज तबल्याचा येत होता. अंजय्याच्या धाकट्यानं विचारलं, "नायना, तू वाजवतोयस ते बासरीसारखं कसं वाजतंय?" अंजय्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी इरण्णाकडे बघायला वळलो तर खुर्ची रिकामी. तो बाहेर गॉगलवाल्यांच्या मोटारीला पाठ लावून उभा होता. साहेब बाहेर आले तसा म्हणाला, "आमची टेप कुटं हाय?"

"टेक्निकली ती वापरण्यासारखी नव्हती हो. फार हुंकार होता. आणि बाहेरच्या देशातल्या लोकांना हे असं समजतं, भावतं."

"बरं. मग परत द्या."

गॉगलवाल्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, टेप महाग असते, नको असलेलं पुसून दुसऱ्या कामाला वापरतात, पद्धतच आहे ती.

इरण्णा मारेल असं मला वाटलं. मारावं असं मला वाटलं, हे आज स्पष्ट लिहितो. त्यानं टेस्टर काढलासुद्धा. पण म्हणाला एवढंच, "मग आमची तोंडं पुसा. तुमच्या पिक्चरमदनं आमची तोंडं पुसून टाका."

साहेब हसले. कलावंत मनस्वी असतात, असं शेजारच्या गृहस्थांना म्हणाले आणि मोटारीत बसले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे खरं आहे. पण आमच्या आडात होतं, काठोकाठ होतं. या माणसानं ते उपसून ओतून दिलं आणि रिकामा पोहरा जगभर मिरवला. त्याला कुठं कुठं बक्षिसं मिळाली म्हणतात.

हेही गिळलं असतं. पण पुढं जे झालं त्यानं पार्टी मेली. माहितीपट शहरात आणि आसपास दोन-चारदा दाखवला गेला, आणि आमंत्रणं वाढली. अक्कलकोटच्या एका व्यापाऱ्याकडे लग्नात गेलो. इरण्णानं परसातल्या विहिरीत कर्णा सोडला, गाणं सुरू झालं, आणि थोड्या वेळात यजमान उठून आला. "काय ओ हे? पिक्चरमधी कसं गोड होतं. तसं वाजवा की." मांडीवरचा नारळ त्यानं मध्येच फोडला, गाणं थांबावं म्हणून. माझ्या माहितीत आमच्या पार्टीत नारळ असा प्रथमच फुटला. असंच पुढं अजून दोन ठिकाणी झालं. एकानं तर विचारलं, तुमचा बासरीवाला आज आला नाही का? अंजय्यानं मागावर जादा पाळी धरली. बाबूरावचा दमा वाढला. इरण्णा नुसता स्पीकर भाड्यानं द्यायला लागला. मी समजावायला गेलो की म्हणायचा, "होगली बिडू, मास्तर. जाऊ द्या." ज्या माणसानं आयुष्यात काही जाऊ दिलं नाही, त्याच्या तोंडी हे ऐकून मला चीड यायची. त्याची नव्हे, ज्यांनी त्याला हे बोलायला शिकवलं त्यांची.

पुढं वर्षभरातच हृदयविकारानं तो गेला. त्याच्या आधी मला तो शेवटचा दिसला तो नातेपुत्यात. मी परीक्षेच्या कामाला तिथं गेलो होतो, तो एका लग्नाचा मांडव आवरून निघण्याच्या बेतात. गावात माहितीपट दाखवणारी गाडी आली होती. बाजारतळावर पडदा बांधलेला, दिवस मावळून माणसं जमलेली, आणि गाडीचा ॲम्प्लिफायर जळाला. गाडीबरोबरच्या माणसानं चौकशी करत इरण्णाला गाठलं. कोणता पिक्चर, असं इरण्णानं विचारलं. त्या माणसानं डबा उघडून नाव वाचलं. तोच होता.

मी म्हटलं, "इरण्णा, नको देऊस. चल, निघू."

त्यानं कर्णे लावले, ॲम्प्लिफायर जोडला. पण पिक्चरची वायर जोडली नाही. स्पीकरच्या खोक्यातून एकतारी काढली, चकतीची वायर ॲम्प्लिफायरला लावली, माइक तोंडाशी घेतला आणि पडद्याखाली जमिनीवर बसला. वर चित्र सुरू झालं. फेट्यातला, मिशांचा इरण्णा तोंड उघडत होता आणि खाली हा मान वर करून त्याच्या ओठांवर आपला आवाज बसवत होता. एक ओळ बसली. अगदी तंतोतंत बसली. मग वरचं चित्र कापलेलं निघालं, तिथं दुसऱ्याच गाण्याचे हात आले. हा धडपडत त्या गाण्यावर गेला तर चित्र विहिरीवर गेलं. तो मागं पडला, पुन्हा धावला, पुन्हा मागं पडला.

"ओ स्पीकरवाले," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "तुमचं गाणं बंद करा की. पिक्चरचा आवाज लावा."

"व्हय की," दुसरा म्हणाला. "लई कोकलतंय ते."

वर आणि खाली एकच माणूस आहे, हे कुणाला कळलं नाही. कळणार कसं? मी उठून ओरडणार होतो. इरण्णानं माझ्याकडे बघून हातानंच बसा म्हटलं. त्यानं एकतारीची वायर काढली, पिक्चरची वायर लावली. बासरी सुरू झाली. माणसं सैलावून बसली. त्यानं बटण फिरवून फिरवून आवाज स्वच्छ केला, कुठं खरखर राहू दिली नाही. मग एकतारी खोक्यात ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून गर्दीच्या कडेकडेनं चालत पार शेवटच्या माणसांपर्यंत गेला.

"मागं ऐकू येतंय का?" त्यानं विचारलं.

"येतंय, पर जरा बारीक येतंय."

तो परत आला आणि त्यानं आवाज वाढवला.